खुडूक बसणारी कोंबडी
(पुण्यात परसबागेतील कुक्कुटपालनावर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. धायरीत बंगला आहे, मुळशीत दहा गुंठे घेतलेत, कोंबड्या पाळाव्यात म्हणतो, असं सांगत कुणी आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "वर्षाला अंडी किती?" प्रश्न रास्त आहे. पण त्यावरच निवड करायची असेल तर पोल्ट्रीतली लेअर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी तयार केलेली कोंबडी, आणा आणि मोकळे व्हा. ती वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. देशी कोंबडी 60-70 देते, फार तर 100.

मी आधी विचारतो, ती खुडूक बसते का, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडते का? देशी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक होते, 21 दिवस उबवते आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लं घेऊन हिंडते. तेवढ्या काळात अंडं नाही. व्यापारी पैदाशीत हा तोटा धरला गेला, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो गुण जवळजवळ काढून टाकला. परसातल्या कळपात मात्र तोच सगळ्यात मोलाचा. तो नसेल तर दर दोन-तीन वर्षांनी पिल्लांसाठी कुणाच्या तरी दारात उभं राहणं आलं. हैदराबादची वनराज, बंगळुरूची गिरिराज हे पक्षी चांगलेच आहेत, काटक आहेत, अंडीही बरी देतात. पण ते संकरातून तयार केलेले. त्यांची पुढची पिढी आईबापांसारखी निघेल याचा भरवसा नाही. रस्त्याकडेला टोपलीत गावरान म्हणून विकली जाणारी पिल्लं पुष्कळदा यांचीच असतात.

आता जाती. असील उत्तम बसते, पिल्लांवर जीव टाकते, मांजर आलं तर अंगावर जाते. अंडी मात्र कमी, आणि दोन कोंबडे एकत्र ठेवलेत तर रक्तच निघणार. झुंजीसाठी कुणी मागत असेल तर देऊ नका, कोंबड्यांची झुंज लावणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

कडकनाथ म्हणजे झाबुआ-अलीराजपूरकडचा. झाबुआच्या कडकनाथाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि वर्षभरात आपल्याकडे सांगली-कोल्हापूर पट्ट्यात त्याच्या नावाने गुंतवणूक योजनांमध्ये शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पक्ष्याचा त्यात दोष नाही. कातडी, तुरा, हाडं काळी. रक्त मात्र लालच आणि अंडं फिकट बदामी. काळं अंडं कुणी दाखवलं तर तिथून निघा. आणखी एक गोम आहे. काळेपणाचा जनुक प्रभावी असल्याने संकरित पिल्लंही बरीच काळी निघतात. म्हणून नुसतं पिल्लू बघून पैसे देऊ नका, आईबापांचा कळप बघा. कडकनाथ उबवायला आळशी, त्यामुळे तो हवाच असेल तर सोबत एक-दोन असील किंवा गावरान माद्या ठेवाव्या लागतात.

आणि बुसरा. नंदुरबार-नवापूर आणि लगतच्या गुजरातची ही लहान चणीची जात, म्हणजे आपल्या राज्याची म्हणता येईल अशी नोंदणीकृत जात; पुण्यात तिचं नाव घेणारा क्वचित भेटतो. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तो याच नवापुरात, आणि त्या भागात लाखो कोंबड्या नष्ट केल्या गेल्या. एकाच टापूत सांभाळलेली जात अशी एका साथीत धोक्यात येते.

हे काही जमलं नाही तर मावळातली, मुळशीतली एखाद्या घरची गावरान घ्या. तीही चालेल, खरं तर बहुतेकांना तीच परवडेल. रंगावरून अस्सल-नकली ठरवायला जाऊ नका. पिवळे पाय बघून लोक संकराची शंका घेतात. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा हे खरं, पण पिवळ्या कातडीचा जनुक करड्या रानकोंबड्याकडून आला असं 2008 च्या जनुकीय अभ्यासात दिसलं. म्हणजे ताम्हिणीच्या जंगलात पहाटे ओरडतो तोच. तेव्हा नुसते पिवळे पाय म्हणजे संकर, असं नाही.

आता रवणाकडे, म्हणजे कोंबडी अंड्यांवर बसवण्याकडे वळू. कोंबडी पिसं फुलवून खुराड्यात बसून राहिली, हात नेला की गुरगुरते, पोटाखालची पिसं उपटलेली आणि कातडी गरम लागते, तर ती खरी बसली. लगेच अंडी देऊ नका. दोन दिवस खोटी ठेवून खात्री करा. मग अंधार पडल्यावर दहा-बारा फलित अंडी सरकवा. आठवड्याहून जुनी नकोत, फ्रिजमधली नकोत. एप्रिल-मेमध्ये पुण्यात बाहेर ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो, म्हणून दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ बरा. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ठेवा, नुसता पिवळसर उजेड आरपार गेला तर बाजूला काढा. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका.

सोसायटीत कोंबडा ठेवू नका. पहाटे चारला आरवला की आधी शेजारी येतात, मग नोटीस. अंडी घालायला कोंबडा लागतच नाही. कोंबडी खुडूक बसली की फलित अंडी बाहेरून आणायची. कोंबडा ठेवलाच असेल तर दोन वर्षांनी बदला, नाहीतर बाप-लेकीत पैदास होते.

खुराड्याला साधी षटकोनी जाळी लावू नका, मुंगूस ती फाडतं. अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली ताठ जाळी, घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा, कारण घूस खालून येते. पाणी-खाद्य छपराखाली ठेवा, म्हणजे कावळे-बगळे त्यात तोंड घालणार नाहीत. पावसाळ्यात खुराड्यात खाली अंथरलेलं साळीचं तूस ओलं राहिलं की पिल्लांना रक्ती हगवण लागते, तेव्हा ते वरचेवर हलवा, बदला.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस मात्र चुकवू नका. पहिल्या आठवड्यात लासोटा ही लस डोळ्यात थेंब टाकून, आठ आठवड्यांनी आरटूबी ही लस टोचून. अडचण अशी की कुपी शंभर डोसची आणि तुमची पिल्लं नऊ. फोडली की दोन तासांत संपवावी लागते, बर्फात आणावी लागते. म्हणून आजूबाजूच्या पाच-सहा घरांनी एकाच सकाळी पिल्लांना लस द्यायची आणि कुपीचा खर्च वाटून घ्यायचा. आज इथे बसलेल्यांपैकी कोथरूड-बावधनचे किती जण आहेत? हात वर करा. निघण्याआधी एकमेकांचे नंबर घ्या.