वाळवंटी पक्ष्यांचा पाण्याचा हिशेब

एप्रिलच्या भर दुपारी करमळीच्या तळ्यावर दुर्बिणीतून एखादा पाणकावळा निरखून पाहिला, तर त्याची चोच अर्धवट उघडी आणि गळ्याखालची कातडी भराभर थरथरताना दिसते. पक्ष्यांना घाम येत नाही. कडक उष्म्यात शरीरातल्या पाण्याची वाफ करूनच त्यांना अंग थंड ठेवावे लागते. गोव्याच्या दमट हवेत ही वाफ सावकाश होते, ही इथल्या पक्ष्यांची अडचण. अमेरिकेतील मोहावी वाळवंटाची अडचण याच्या नेमकी उलट आहे: तिथली कोरडी हवा वाफ चटकन शोषून घेते, परंतु खर्च झालेले पाणी भरून काढायला जवळपास पाणीच नसते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि त्यांचे सहकारी या वाळवंटात हिंडले, आणि कुठे कोणते पक्षी दिसले याच्या नोंदी त्यांनी इतक्या काटेकोरपणे ठेवल्या की पुढच्या पिढीतील संशोधकांना त्याच 61 ठिकाणी पुन्हा मोजणी करता आली. 2018 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धक्कादायक होता. प्रत्येक ठिकाणच्या पक्षिजातींपैकी सरासरी 43 टक्के जाती नाहीशा झाल्या होत्या. अभ्यासलेल्या 135 जातींपैकी 39 जातींचा वावर स्पष्टपणे घटला होता. मूळच्या जातींपैकी ठळकपणे वाढला होता तो एकट्या रेव्हन या मोठ्या काळ्या कावळ्याचा, आणि तो माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावरही निभावून नेतो. या ठिकाणांपैकी बरीचशी राष्ट्रीय उद्यानांत मोडतात, पण या घटीचे मुख्य कारण घटलेला पाऊस आहे, आणि त्याला कुंपण घालता येत नाही.

सर्वाधिक फटका बसला तो मोठ्या आणि कीटक किंवा मांस खाणाऱ्या पक्ष्यांना. त्यांना बहुतेक पाणी भक्ष्यातूनच मिळते. उष्मा वाढला की पाणी जास्त लागते, म्हणून भक्ष्य जास्त पकडावे लागते, आणि त्यासाठी तळपत्या उन्हात केलेली धावपळ अंग आणखी तापवते. त्याच वाळवंटातील उंदीर-घुशींसारखे छोटे प्राणी दिवसभर बिळात राहून रात्री बाहेर पडतात, आणि शंभर वर्षांत त्यांची स्थिती फारशी ढळलेली नाही.

जिथे जमिनीवर झरा किंवा पाणवठा टिकून होता, तिथे मात्र जातींची घट कमी आढळली.