कॉर्डलेस फोन आणि वरच्या मजल्यावरची बासरी

श्रोतेहो, नमस्कार. आज घरच्या कॉर्डलेस फोनविषयी बोलू या. मोबाइल नव्हे हं. घरच्या लाइनला जोडलेला बेस आणि हातात घेऊन घरभर फिरायचा हँडसेट, तो फोन.

फायदे मी सांगायला हवेत असं नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घंटी वाजली की धावावं लागत नाही, हँडसेट उशाशी ठेवता येतो. फक्त एक तक्रार. पूर्वी वायरच्या टोकाशी उभं राहून पाय दुखले की माणूस आपणहून "बरं, ठेवते" म्हणायचा. आता फेऱ्या मारत बोलतात आणि बोलणं संपत नाही. असो.

तोटा मात्र नीट ऐका. वीज गेली की कॉर्डलेस गेला. हँडसेटमध्ये बॅटरी असते, पण बेस घरच्या विजेवर चालतो. बेस बंद, की पूर्ण चार्ज केलेला हँडसेटही मुका. वायरच्या साध्या फोनला तांब्याच्या लाइनमधूनच वीज मिळते, एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांची, साधारण ४८ व्होल्ट. म्हणून तो अंधारातही चालतो. पुन्हा सांगतो, वीज गेली की कॉर्डलेस गेला.

दुसरा तोटा खासगीपणाचा, आणि इथे मला माझ्या मावशीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कॉर्डलेस फोन म्हणजे एकमेकांशी बोलणारी दोन चिमुकली रेडिओ केंद्रं. त्याचं एक मूळ पेटंट १९६९ साली ज्यांना मिळालं, ते अमेरिकेतले जॉर्ज स्वीगर्टही हौशी रेडिओवालेच. म्हणजे घराणं आम्हा रेडिओवाल्यांचंच! तर जुन्या अ‍ॅनालॉग फोनमध्ये आवाज उघडाच हवेत जायचा आणि चॅनेल मोजकेच असायचे. शेजाऱ्याच्या फोनचा चॅनेल तोच निघाला, की संपलं.

मावशीच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बासरी शिकायला घेतली होती. शिकायला म्हणजे, शिकतच होते. एका संध्याकाळी मावशी हँडसेट घेऊन मागच्या गॅलरीत गेली आणि माझ्या आईला फोनवर सांगू लागली, "अगं, तासभर एकच सूर. तोही चुकीचा! कुणी सांगत कसं नाही या माणसाला?"

आई हसतेय, तोवर फोनमध्ये कुणीतरी खाकरलं. आईनं विचारलं, "तुझ्याकडे कोण आलंय गं?"

"कोणी नाही. का?"

आणि मग स्वच्छ आवाज आला, "वहिनी, सूर दोन आहेत. पण खिडकी लावून घेतो."

वरच्या मजल्यावरच्या त्या बासरीवाल्या काकांनी नुकताच तसलाच फोन आणला होता. फोन करायला म्हणून हँडसेट उचलला, तर कानावर स्वतःचीच समीक्षा! बरं, मावशी होती बेसपासून लांब, गॅलरीत, आणि काका बरोबर बेसच्या डोक्यावर. ज्याची लहर जोरकस, त्याचंच बेस ऐकतो. त्यामुळे मावशीच्याच लाइनवर मावशीचा आवाज मागे पडला आणि काकांचा आईपर्यंत खणखणीत पोचला. मावशी "अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला" असं म्हणत राहिली, ते कुणालाच ऐकू आलं नाही. सुरुवातीच्या काही फोनांवर तर शेजाऱ्याच्या लाइनवरून नंबरही फिरवता यायचा; पुढे हँडसेट आणि बेस एकमेकांना ओळखतील असे कोड आले, तेव्हा ते थांबलं.

दुसऱ्या दिवशी काका जिन्यात भेटले आणि म्हणाले, "वहिनी, तिसरा सूर सापडला."

तर हे अ‍ॅनालॉगचं झालं. डेक्ट नावाचं डिजिटल तंत्र १९९२ मध्ये ठरलं. त्यात बोलणं सांकेतिक करून पाठवण्याची सोय आहे, त्यामुळे वरच्या मजल्याची भीती उरलेली नाही. त्याची लहरपट्टीही वेगळी, १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास. २.४ गिगाहर्ट्झवाले कॉर्डलेस वाय-फाय किंवा मायक्रोवेव्ह चालू असला की खरखरतात. घ्यायचा तर डेक्ट घ्या.

हँडसेट हरवला तर बेसवरचं बटण दाबा, तो असेल तिथून वाजेल. अर्थात त्यात चार्ज असेल तर. बहुतेक हँडसेटमध्ये रिचार्जेबल सेल असतात. ते थकले की रिचार्जेबलच घाला. घड्याळाचे साधे सेल घालून चार्जिंगला लावू नका, ते गळतात, कधी फुटतातही.

आणि घरात एक वायरचा फोन राहू द्या. का, ते आता तुम्हीच म्हणा: वीज गेली की कॉर्डलेस गेला. मात्र तुमची लाइन फायबरची असेल, तर त्या लाइनमधून वीज येत नाही. वायरचा फोनही घरच्या मोडेमवरच चालतो. तेव्हा मोडेमलाही बॅटरीचा बॅकअप लागेल. नमस्कार.