घर क्रमांक एक

(दृश्य: सकाळ. लोकलची खिडकी. बाहेर उतारांवर पत्र्याची छपरं.)

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याची राजधानी ब्रिस्बेन. तिच्या मध्यापासून उत्तरेला आठेक किलोमीटरवर नंडा नावाचं उपनगर आहे. मुळात ही तुर्रबल लोकांची भूमी. १८३८ मध्ये इथल्या टेकडीवर जर्मन मिशनरी येऊन राहिले, त्यांनी शेती केली. १८८२ मध्ये सँडगेटकडे जाणारी रेल्वे इथून गेली आणि हळूहळू शेतांचे प्लॉट पडू लागले.

याच नंड्यात, सरी स्ट्रीटवर, एक लहानसं लाकडी घर आहे. १९१० साली बांधलेलं. क्वीन्सलँड राज्याच्या वारसा-यादीत त्याची नोंद आहे ती ‘वर्कर्स ड्वेलिंग नंबर वन’ या नावानं. कामगाराचं घर, क्रमांक एक.

(दृश्य: घर रस्त्यावरून, स्थिर. काही क्षण निवेदन नाही.)

हा क्रमांक कर्जाच्या योजनेतला आहे, आणि या घराचं मोठेपण तिथेच आहे.

आपल्याकडे म्हणतात, घर पाहावं बांधून. पण हातावर पोट असलेल्यानं ते बांधायचं कशाच्या जोरावर? शतकभरापूर्वी ब्रिस्बेनच्या मजुराला, रेल्वेतल्या कामगाराला, दुकानातल्या नोकराला हाच प्रश्न होता. पोटाला चिमटा काढून जमिनीचा तुकडा घेता यायचा, पण त्यावर घर उभं करायला पैसा उरायचा नाही. मग जमीन असूनही आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात भाडं भरायचं.

१९०९ मध्ये क्वीन्सलँडच्या सरकारनं कायदा केला. ज्याची वर्षाची कमाई दोनशे पौंडांच्या आत आहे, ज्याच्याकडे जमीन आहे पण घर नाही, त्याला घर बांधायला सरकार तीनशे पौंडांपर्यंत कर्ज देईल. तेव्हा राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, होते विल्यम किडस्टन. ते स्कॉटलंडमधले, लहानपणी लोखंडाच्या ओतकामात उमेदवारी केलेले. हप्त्याचं ओझं काय असतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायला लागलं नसेल, असं मला मनापासून वाटतं.

घराचे आराखडे सरकारी खात्यानं काढलेले असत. त्यांतला आपल्याला परवडेल तो निवडायचा, थोडा इकडेतिकडे करून घ्यायचा. या योजनेतून पहिलं उभं राहिलं ते हे सरी स्ट्रीटवरचं घर. पुढे अशी हजारो घरं झाली.

(दृश्य: त्याच काळातल्या दुसऱ्या एका घराचा तळ. कॅमेरा जमिनीलगत.)

घर कुणाचं तरी राहतं असतं, म्हणून सरी स्ट्रीटवरचं घर आपण रस्त्यावरूनच पाहिलं. पण त्या काळातल्या कामगारांच्या घरांची जात एकच. त्यांतलं एक जवळून पाहू या. सुरुवात खालून.

घर जमिनीला टेकलेलं नाही. लाकडी खुंटांवर उभं आहे. प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची एक टोपी आहे, उलट्या ताटलीसारखी, कडा खाली वळलेल्या. ही टोपी वाळवीसाठी. ती वाळवीला मारत नाही, कायमची अडवतसुद्धा नाही. वाळवी खुंटाच्या आतून पोखरत वर येते, पत्र्याशी अडते. पुढे जायचं तर तिला बाहेर येऊन टोपीच्या कडेवरून मातीची नळी बांधत जावं लागतं. ती नळी घरमालकाच्या डोळ्यांना दिसते. एवढंच तिचं काम, चोराला उजेडात आणायचं. शंभर वर्षं टिकलेल्या प्रत्येक घरामागे अशा टोप्यांखाली वाकून पाहणारं कुणीतरी होतं.

(दृश्य: आतली भिंत. फळ्यांवरून हात फिरतो.)

आतली भिंत एकेरी फळीची. हूप पाइन नावाचं इथलंच लाकूड, उभ्या फळ्या एकमेकींत खाचेनं बसवलेल्या, आणि मधोमध आडवी एक पट्टी. बस्स. पलीकडच्या खोलीतला खोकला इकडे ऐकू यावा इतकी पातळ. वीट महाग होती, लाकूड जवळ होतं, आणि इथल्या दमट उन्हाळ्यात जाड भिंतीपेक्षा वाहता वारा बरा. दारांच्या वर नक्षीदार जाळी दिसते ना, ती वाऱ्यासाठीच.

मागे स्वयंपाकघर. तिथे चुलीची जागा घराच्या भिंतीबाहेर काढलेली असे, पत्र्याच्या खोक्यात. लाकडी घरात आग जितकी लांब, तितकं बरं. पण भर डिसेंबरात, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, त्या पत्र्याच्या खोक्यासमोर उभं राहून भाकरी-पाव जे काही रांधायचं ते घरातली बाईच रांधायची. वारसा-यादीतल्या वर्णनात छप्पर येतं, खिडक्या येतात. ती धग येत नाही.

आणि पुढे व्हरांडा. हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलला आणि आपल्याबरोबर जगभर नेला. आपण मराठी माणसं इथे येतो आणि या घरासमोर उभं राहून ‘वऱ्हांडा’ म्हणतो, तेव्हा शेजाऱ्याला भाषांतर करून सांगावं लागत नाही.

(दृश्य: उपनगराचं आकाशातून दृश्य. चौकोनी प्लॉट.)

आजूबाजूला कितीतरी प्लॉट सारख्याच मापाचे दिसतात. १८८५ च्या कायद्यानं इथे सोळा पर्चपेक्षा लहान प्लॉट पाडायला बंदी केली. सोळा पर्च म्हणजे बरोबर आपले चार गुंठे. दाटीवाटीच्या वस्त्या होऊ नयेत म्हणून. म्हणूनच कामगाराच्या घरामागेही आंब्याला जागा राहिली.

तेच चार गुंठे आज सोन्याच्या भावाचे आहेत. जुन्या ब्रिस्बेनचं रूप राखायच्या भागांत १९४६ पर्यंतची घरं सहजासहजी पाडता येत नाहीत, आणि हा नियम आहे म्हणून बरंच काही वाचलं. पण घर उचलून वर घेता येतं, खाली मजला घालता येतो, मागे दुप्पट बांधकाम जोडता येतं. रस्त्यावरून पाहिलं की व्हरांडा जागच्या जागी असतो. मला ते बघून वाईट वाटतं. कुटुंब वाढलं तर जागा लागणारच, ते मान्य. पण या घराचं खरं सांगणं त्याच्या लहानपणात आहे. दोनशे पौंडांच्या आतल्या कमाईत, तीनशे पौंडांच्या कर्जात माणूस किती मोठं घर बांधू शकत होता, त्याचं ते माप आहे. माप गेलं की उरतो तो फक्त रंगवलेला दर्शनी भाग.

(दृश्य: संध्याकाळ. पुन्हा दुसऱ्या घराचा तळ. टॉर्चचा उजेड एका खुंटावरून दुसऱ्यावर.)

इथे घरमालक वाकून एकेक टोपी तपासतोय. कोपऱ्यातला एक खुंट कुजला होता. जॅक लावून घर जरासं उचललं, जुना काढला, नवा बसवला. बाकीचे तसेच ठेवले. टोपीची कड बोटानं चाचपून तो पुढच्या खुंटाकडे सरकतो.

(पत्र्यावर पावसाचा आवाज. काळोख.)