कामावर मृत्यू झाला तर घरच्यांचा हक्क

श्रोते हो, नमस्कार.

परांचीवरून पडून, यंत्रात सापडून, टाकीत उतरल्यावर गुदमरून एखादा कामगार दगावतो. दहावा व्हायच्या आत ठेकेदाराचा माणूस घरी येतो. हातात काही रोख रक्कम आणि सोबत स्टॅम्प पेपर. त्यावर आधीच टाइप केलेलं असतं: ‘सदर रक्कम आम्हास राजीखुशीने मिळाली असून यापुढे आमची कोणतीही तक्रार राहणार नाही.’ घरात रडारड चालू असते. नातेवाईकही म्हणतात, सही करून टाक, नाहीतर हेही हातचं जायचं.

ताईंनो, अशा सहीनं तुमचा हक्क संपत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं मुळातच रद्दबातल आहे. मृत्यूच्या प्रकरणात मालकानं पैसे परस्पर घरच्यांच्या हाती देऊन मोकळं व्हायचं नसतं. रक्कम नुकसानभरपाई आयुक्तांकडे, म्हणजे असे दावे निकाली काढणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जमा करायची असते आणि वारसांना ती तिथूनच मिळते. मधल्या काळात मालक तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल देऊ शकतो, तेवढीच पुढे वळती होते. बाकी दारात आलेले पैसे कायद्याच्या लेखी भरपाईच नव्हेत. म्हणून अंत्यविधीच्या खर्चासाठी पैसे घेतले म्हणून स्वतःला दोष देऊ नका. कागदावर मात्र सही करू नका, आणि केली असेल तरी गप्प बसू नका.

हा कायदा, म्हणजे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 सालचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, पण हिशेबाची मूळ रीत तीच आहे. मृताच्या मासिक पगाराची निम्मी रक्कम घ्यायची आणि तिला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. तिसाव्या वर्षी हा आकडा 207.98 आहे, पंचेचाळिसाव्या वर्षी 169.44. माणूस जितका तरुण, तितकी त्याची पुढची कमाई जास्त बुडाली, असा त्यामागचा विचार. पगार कितीही असो, जुन्या कायद्याखाली 3 जानेवारी 2020 पासून हिशेबात जास्तीत जास्त 15,000 रुपयेच धरले जात. म्हणजे तीस वर्षांचा, महिना अठरा हजार मिळवणारा गवंडी गेला, तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15 लाख 59 हजार 850 रुपये. आता दारात आलेली रक्कम या आकड्याशेजारी ठेवून बघा. मला या व्यवहाराचा संताप येतो, तो यासाठी.

मालक हमखास म्हणतो, ‘तो दारू प्यालेला होता’, नाहीतर ‘हेल्मेट घातलंच नव्हतं, चूक त्याचीच.’ कामगार नुसता जखमी झाला असता तर हा मुद्दा भरपाई अडवू शकला असता. मृत्यू झाल्यावर या कारणानं ती नाकारता येत नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढं मात्र दाखवावं लागतं. दुसरा बचाव असतो, ‘हा माणूस आमचा नव्हे, ठेकेदाराचा.’ तोही टिकत नाही. स्वतःच्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालकही भरपाईला जबाबदार असतो. त्याला पुढे ठेकेदाराकडून वसूल करायचं असेल तर ते त्यानं बघावं.

खरी अडचण येते ती माणूस जागेवर न जाता दोन-तीन महिन्यांनी गेला तर. पाठीच्या कण्याला मार लागतो, अंथरुणावर जखमा होतात, जंतुसंसर्ग होतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर येतं ‘हृदयक्रिया बंद पडल्यामुळे’. अपघाताचं नावही नसतं! मग समोरचा वकील म्हणतो, हा तर नैसर्गिक मृत्यू. म्हणून पहिल्या दिवसाचा केसपेपर, प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत जपून ठेवा. अपघाताच्या जखमांमुळे मृत्यू झाला असं वाटत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. ते किती जड जातं हे मला ठाऊक आहे, पण पुढे तोच अहवाल बोलतो. जखमी कामगारानं हयातीत स्वतः दावा लावला असेल, तर तो गेल्यावर दावा आपोआप मिटला असं समजू नका. वारसांची नावं त्या दाव्यात दाखल करण्यासाठी लगेच अर्ज द्या.

हजेरीपुस्तकात नाव नसलं तरी खचू नका. बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, मुकादमाचे मोबाइलवरचे निरोप, सोबत काम करणाऱ्याची साक्ष, हे सगळं पुराव्यात धरता येतं.

कामगाराचा राज्य विमा, म्हणजे ईएसआय, कापला जात असेल तर रस्ता वेगळा. तिथे एकरकमी भरपाई नसते, दरमहा पैसे मिळतात. पूर्ण दर सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के, त्यातले तीन पंचमांश विधवा पत्नीला आणि दोन पंचमांश प्रत्येक मुलाला. बेरीज पूर्ण दराच्या वर गेली तर सगळ्यांचे हिस्से प्रमाणात कमी होतात. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेला विमाही मागा. तो 7 लाखांपर्यंत असतो, आणि नोकरीत असताना मृत्यू कशानंही झाला तरी मिळतो.

आयुक्तांकडे जमा झालेली रक्कम कोणाला किती, हे आयुक्तच ठरवतात. पत्नी, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांचा हक्क पहिला. सासू-सुनेत यावरून वितुष्ट येतं आणि त्याचा फायदा मालक उठवतो, म्हणून दोघींनी मिळून एकच अर्ज केलेला बरा. लहान मुलांचा हिस्सा त्यांच्या नावानं गुंतवून ठेवण्याचा आदेशही आयुक्त देऊ शकतात.

पोटासाठी परमुलखात गेलेल्यांच्या घरच्यांसाठी एक सोय आहे. अपघात सुरतेला झाला आणि कुटुंब बीडला राहत असेल, तर अर्ज बीडलाही करता येतो. त्यासाठी सुरतेला खेटे घालावे लागत नाहीत. अर्जाला मुदत असते. ती उलटून गेली असली तरी उशिराचं सबळ कारण दिलं तर आयुक्त अर्ज दाखल करून घेऊ शकतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार न्यायालयात चौकशी करा, आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.