हजेरीपटात न सापडणारी नोंद

(दृश्य: मधली सुट्टी. पटांगण, पाण्याचे नळ, स्वच्छतागृहाबाहेरची रांग.)

शाळेचा निकाल फलकावर लागतो आणि पटसंख्या हजेरीपटात सापडते. पण त्या शाळेत मुलाला माणूस म्हणून कसे वागवले जाते, याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये नसते. ती घेता यावी म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या मानवी हक्क केंद्राने एक प्रश्नावली प्रसारात आणली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर बेतलेल्या २५ विधानांपैकी प्रत्येकाला १ ते ४ गुण द्यायचे आणि १०० पैकी बेरीज काढून शाळेचे 'तापमान' ठरवायचे, अशी ही साधी रीत आहे.

मात्र ती विधाने जशीच्या तशी मराठीत आणून वाटली, तर फारसे हाती लागणार नाही. कारण आपल्याकडचा भेदभाव आपल्या जागा धरून बसलेला असतो.

(दृश्य: साताऱ्यातील प्रतापसिंह हायस्कूलची इमारत.)

नोव्हेंबर १९०० मध्ये साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या भीमरावांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे आणि शिपाई जागेवर नसला, तर दिवस कोरडा जाई. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आजच्या शाळेत असा नियम कोणी सांगणार नाही. तरीही वर्ग झाडायला रोज कोणाला उठवले जाते, पाहुणे आले की चहाचा ट्रे मुलींच्याच हाती का दिला जातो, 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' असे भर वर्गात म्हटल्यावर कोणाच्या माना खाली जातात, हे विचारल्याशिवाय आपली प्रश्नावली पूर्ण होणार नाही.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. छडी बऱ्याच ठिकाणी कपाटात गेली. अंगठे धरून उभे करणे आणि आडनावावरून टोमणा मारणे मात्र 'शिस्त' म्हणून खपून जाते. 'सर, चांगला ठोका त्याला' असे सांगणारे पालकही असतातच, तेव्हा सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

उत्तरे निनावी घ्यावीत आणि मुली, मुलगे, शिक्षक, शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई या सर्वांचे गठ्ठे वेगळे ठेवावेत. 'स्वच्छतागृह सुरक्षित आहे' या विधानाला शिक्षकांनी ४ आणि मुलींनी २ गुण दिले, तर सरासरी ३ निघते आणि शाळा बरी दिसते. पण आतली कडी तुटल्यामुळे एक मुलगी आत जाते तेव्हा दुसरी बाहेरून दार धरून उभी राहते, काही जणी तर दिवसभर पाणीच पीत नाहीत, ही गोष्ट त्या सरासरीत बुडून जाते. खरी माहिती ४ आणि २ यांच्यामधल्या अंतरात असते.

(दृश्य: शाळा व्यवस्थापन समितीची बैठक.)

हे अंतर घेऊन शाळा व्यवस्थापन समितीपुढे जावे. कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. म्हणजे कडीचा विषय समजणारी माणसे तिथे असतातच. एका सत्रात दोनच कामे हाती घ्यावीत: कडी बसवावी आणि झाडण्याची पाळी हजेरी क्रमांकाने लावावी. मुख्याध्यापकांच्या दालनासमोर कॅमेऱ्याखाली टांगलेल्या तक्रारपेटीत कोणीही चिठ्ठी टाकणार नाही, हे ध्यानात घेऊन तिची जागा बदलावी आणि किल्ली कोणाकडे राहील, तेही मुलांना सांगावे.

एक गोष्ट मात्र समितीच्या अखत्यारीबाहेरची आहे. चिठ्ठीतून लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर 'आपापसात मिटवू' म्हणण्याची मुभा नाही. लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांकही प्रत्येक वर्गात दिसेल असा लावावा.

पुढच्या सत्रात तीच विधाने पुन्हा द्यावीत. त्या वेळी पेटीतल्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या, तर शाळा बिघडली असा निष्कर्ष घाईने काढू नये. पूर्वी गप्प राहणारी मुले आता लिहू लागली असण्याचा संभव अधिक असतो, आणि कोणत्या वर्गाच्या चिठ्ठ्या अजूनही येत नाहीत, हे समितीने त्याच बैठकीत तपासावे.