पाळीव सापांचा संकर आणि वंशाची वही

मित्रहो, पुण्यात सापांवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न कायद्याचा येतो, म्हणून तो आधीच मिटवतो. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ हे आपल्या मातीतले साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्याला पळवाट नाही आणि नसावी. आज बोलायचंय ते परदेशी सापांविषयी. आफ्रिकेतला बॉल पायथन, अमेरिकेतले कॉर्न स्नेक आणि किंगस्नेक आपल्या शहरातही काचेच्या पेट्यांत वाढतायत, त्यांची पिल्लं विकली जातायत. हे साप पाळणाऱ्यांमध्ये जगभर एक वाद धुमसतोय. दोन वेगळ्या प्रजातींचे साप एकत्र आणून पिल्लं काढावीत का?

एक बाजू म्हणते, हे निसर्गाविरुद्ध आहे. मला ते पटत नाही. निसर्गातही संकर होतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या नैर्ऋत्य भागात मोहावे रॅटलस्नेक आणि प्रेअरी रॅटलस्नेक यांचे प्रदेश जिथे भिडतात, तिथे संकरित साप राहतात आणि त्यांच्या विषाचा अभ्यासही झाला आहे. शिवाय ‘शुद्ध रक्त’ ही कल्पना मी प्राण्यांच्या बाबतीतसुद्धा जपून वापरतो. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात या कल्पनेनं माणसांचं काय केलं, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि शुद्ध असलेला साप सुखी असतो असंही नाही. बॉल पायथनमध्ये ‘स्पायडर’ नावाचा एक मॉर्फ, म्हणजे रंग-नक्षीचा वेगळा प्रकार, आहे. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असते. हा साप शंभर टक्के एकाच प्रजातीचा, पण ज्या जनुकामुळे ती नक्षी उमटते त्याच्याबरोबरच तोल जाण्याचा विकारही येतो. मान डुलत राहते, काही साप भक्ष्यावर झेप घेताना चुकतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्कॅन करून पाहिलं तेव्हा या सापांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली आढळली. तो वंश वाढवणं मला कोणत्याही संकरापेक्षा जास्त निर्दय वाटतं.

मग संकराला माझी हरकत कुठे आहे? एक ‘जंगल कॉर्न’ घ्या. कॉर्न स्नेक आणि कॅलिफोर्निया किंगस्नेक यांची ही संतती. किंगस्नेक इतर साप खातो, रॅटलस्नेकसुद्धा. त्याच्या पेटीत कॉर्न स्नेक सोडला तर त्याच्या दृष्टीनं ते जेवण आहे. म्हणून काही ब्रीडर, म्हणजे पिल्लं काढून विकणारे, किंगस्नेकच्या मादीची कात कॉर्नच्या मादीच्या अंगाला चोळतात, म्हणजे नराला वासानं ती आपल्यातली वाटते. हा भ्रम मध्येच तुटला तर मादी जिवाला मुकते. नव्या रंगाच्या चार पिल्लांसाठी हा धोका एका जनावरावर लादायचा अधिकार आपल्याला आहे, असं मला वाटत नाही.

समजा ते निभावलं. पिल्लं निघाली, धडधाकट आहेत. ही पहिली पिढी कुणाला फसवत नाही, तिच्या तोंडावळ्यावर दोन्ही बाजू दिसतात. खरी अडचण पुढे आहे. या पिल्लाचा संबंध पुन्हा कॉर्न स्नेकशी आला की किंगस्नेकचा वाटा सरासरी पंचवीस टक्क्यांवर येतो. पुढच्या वेळी साडेबारा, त्याच्या पुढे सव्वासहा. या टप्प्यावर अनुभवी माणसालाही नुसतं बघून सांगता येत नाही. तो साप ‘कॉर्न स्नेक’ म्हणून विकला जातो, विकणारा खोटं बोलतोय असंही नाही, कारण त्यालाही ठाऊक नसतं. मधे कुणीतरी एकानं लिहून ठेवलं नाही, एवढंच झालेलं असतं. हे घडून गेलंय. कॉर्न स्नेकमधलं ‘अल्ट्रा’ हे रंगाचं जनुक मुळात ग्रे रॅट स्नेक या वेगळ्या प्रजातीकडून आलं असं बहुतेक जाणकार मानतात. आज त्या जनुकाचे साप सर्रास कॉर्न म्हणून विकले जातात आणि ते आता वेगळे काढणं शक्य नाही.

आपल्याकडे संकराचं मोठं काम झालंय ते गायींवर. इथून जवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली, देशी गायींवर जर्सी आणि होल्स्टिनचा संकर गावोगाव नेला. त्या धोरणावर मतभेद आहेत, असावेत. पण रेतन झालं की वळू कोणता, जात कोणती, तारीख काय, याची नोंद राहते. म्हणून आज संकरित गाय संकरित म्हणून ओळखली जाते. साप पाळणाऱ्यांकडून माझी मागणी एवढीच आहे, आणि याच बाबतीत मी कडक आहे. जो नोंद ठेवणार नाही, आणि प्रत्येक पिल्लाबरोबर ती देणार नाही, त्यानं संकर करू नये.

नोंद नसली तर काय होतं ते फ्लोरिडात दिसलं. तिथल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशात पाळीव बर्मी अजगर सुटून वाढले. २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी जवळपास ४०० अजगरांची जनुकं तपासली, तर त्यातल्या १३ जणांत भारतीय अजगराचा आईकडून आलेला अंश मिळाला. हा संकर बहुधा साप तिथे रुजण्याआधी, म्हणजे पाळीव अवस्थेतच झाला असावा, असं त्यांचं म्हणणं. बर्मी अजगर पाणथळीला रमतो, भारतीय अजगर त्या मानानं कोरड्या जागेला. आता दोघांचे गुण घेतलेला साप कुठवर पसरेल, हा प्रश्न तिथल्या लोकांपुढे आहे. हा भारतीय अजगर म्हणजे आपल्या सिंहाइतकाच जपलेला, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला बरं का. कुणाच्या तरी पेटीतल्या जोडीमुळे तो दुसऱ्या खंडातल्या संकटाचा भाग झाला.

कागदांचीही अडचण आहेच. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या ठरावानुसार संकरित प्राण्याच्या मागच्या साधारण चार पिढ्यांत कराराच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टातली, म्हणजे संरक्षित यादीतली, प्रजाती असेल, तर तो संकरही नियमाखाली येतो. बॉल पायथन दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले, आणि परिशिष्टांतले प्राणी सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावे लागतात, त्यांची पिल्लंसुद्धा. चार पिढ्या मागे जायचं तर लिहिलेलं हवं. कॉर्न स्नेक मात्र परिशिष्टांत नाही, त्याची वही सरकार मागणार नाही. म्हणूनच ती आपली आपण ठेवायची.

मघाशी एका मुलीनं विचारलं, की तिच्याकडे आधीच जंगल कॉर्न मादी आहे, मग ती चुकली का? अजिबात नाही. त्या सापाचा काहीच दोष नाही, तिला इतर कुठल्याही सापाइतकीच नीट ऊब, पाणी, लपायची जागा मिळायला हवी. तिच्यापासून वंश वाढवू नकोस. कुणाला द्यायची झाली तर ती काय आहे ते लिहून दे. आणि सांभाळणं झेपेना म्हणून ताम्हिणीत किंवा सिंहगडाच्या पायथ्याला सोडणं हा पर्यायच नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. सापाची मादी नराचं बीज महिनोन्‌महिने शरीरात साठवू शकते. आधीच्या मालकाकडे ती कुठल्या नराबरोबर होती हे विचारून घे, आणि त्याला सांगता आलं नाही आणि तिनं अंडी घातली, तर ती उबवू नकोस. पहिल्या एक-दोन दिवसांतच फ्रीजरमध्ये ठेवून दे.