अर्धवट वाक्यांची लॅटिन

[दृश्य: सीबीएसजवळचा रस्ता, सकाळची गर्दी, जिल्हा न्यायालयाचं गेट, टायपिंगवाल्यांची टेबलं]

नाशिकला सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, जिल्हा न्यायालयाकडे वळलं की टायपिंगवाले, झेरॉक्सवाले, नोटरीचे बोर्ड सगळे एका रांगेत लागतात. इथे लॅटिन शिकलेलं माणूस शोधून सापडणार नाही, पण दिवसभर इथे जी भाषा चालते त्यात लॅटिन ठासून भरलेली आहे. निफाडकडून आलेले काका टेबलापाशी टेकतात आणि म्हणतात, भाऊ एक अ‍ॅफिडेव्हिट करायचंय, सातबाऱ्यावर नावात चूक पडलीये. टायपिस्ट मान वर न करता सांगतो, आधारची झेरॉक्स द्या अन् दोन फोटो.

आता गंमत बघा. अ‍ॅफिडेव्हिट हे लॅटिनमध्ये नाम नाहीच, ते क्रियापद आहे, मध्ययुगातल्या लॅटिनमधलं, आणि त्याचा अर्थ आहे 'त्याने शपथेवर सांगितलं'. पूर्वी इंग्लंडात लॅटिनमध्ये कागद व्हायचे, त्यात अमक्याने शपथेवर असं असं सांगितलं असं वाक्य यायचं, मग त्या वाक्यातलं एक क्रियापद तेवढं उरलं आणि कागदालाच चिकटलं. म्हणजे काका खरं तर म्हणतायत, भाऊ एक 'त्याने शपथेवर सांगितलं' करायचंय.

हे एकदा लक्षात आलं ना की मग सगळीकडे तेच दिसायला लागतं. इंग्रजीतून आपल्याकडे आलेली लॅटिन म्हणजे बहुतेक मोडक्या वाक्यांचे तुकडे आहेत, कुठे नुसतं क्रियापद, कुठे नुसता प्रत्यय, बाकीचं वाक्य वाटेत कुठेतरी सांडलं.

[दृश्य: नोटरीचा गोल शिक्का, लाल स्टिकर, त्यावर सही]

कॅव्हेट घ्या. बांधावरून भाऊबंदकीत वाद झाला की वकीलसाहेब हमखास सांगतात, समोरचा स्टे आणायच्या आत आपण कॅव्हेट टाकून ठेवू. म्हणजे काय तर आम्हाला विचारल्याशिवाय आदेश देऊ नका असं कोर्टाला आधीच सांगून ठेवायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेत यासाठी १४८अ हे कलम आहे, १९७६ च्या दुरुस्तीत आलेलं, आणि कॅव्हेट ९० दिवस टिकतं, मग परत टाकायचं. लॅटिनमध्ये कॅव्हेट म्हणजे 'त्याने सावध राहावं'. हेही क्रियापदच!

स्टेटस को म्हणजे तर निव्वळ अर्धं वाक्य, 'स्थिती, जी'. जी काय? पुढचं गायब. मूळ पूर्ण प्रयोग 'युद्धाआधी जी स्थिती होती ती' असा, तहाच्या कलमांत यायचा. मराठीत आपण त्याला 'जैसे थे' म्हणतो आणि माझं स्पष्ट मत आहे की जैसे थे जास्त चांगलं आहे, निदान 'थे' तरी आहे त्यात.

आणि सुमोटो. पेपरात येतं ना, हायकोर्टाने सुमोटो याचिका दाखल करून घेतली. मूळ लॅटिन सुओ मोतू, म्हणजे स्वतःहून, आपल्याच मर्जीने. सुमो गाडीशी काही संबंध नाही, पण उच्चार आपण असा करून टाकलाय की संशय यावा.

बरं, हे सगळं कोर्टात टिकलं कसं? इंग्लंडात शतकानुशतकं कोर्टाचे कागद लॅटिनमध्येच लिहिले जायचे आणि ज्याची केस त्याला त्यातलं काही कळायचं नाही. शेवटी १७३० मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला आणि मार्च १७३३ पासून कोर्टाचं काम इंग्रजीत आलं. भाषा गेली, पण हे तुकडे वकिलांच्या तोंडात इतके बसले होते की ते गेले नाहीत, आणि तेच आपल्याकडे कंपनी सरकारच्या आणि मग राणीच्या राज्यात बोटीने आले. पुढे खुद्द इंग्लंडनेच १९९९ च्या नव्या दिवाणी नियमांत बरीच साफसफाई केली, एक्स पार्टी (दुसऱ्या बाजूला न कळवता) काढलं, इन कॅमेरा (बंद दाराआड) काढलं, सबपीना (साक्षीचं समन्स) काढलं, सगळ्यांना साधी इंग्रजी नावं दिली. आपल्याकडे मात्र संविधानाच्या कलम ३२ मध्ये हेबियस कॉर्पस, मँडॅमस, को वॉरंटो, सर्शिओरारी ही रिटची, म्हणजे कोर्टाच्या आदेशांची, नावं तशीच छापलेली आहेत. हेबियस कॉर्पस म्हणजे 'शरीर तुझ्या ताब्यात हजर असावं', पुढे जे होतं की त्याला न्यायाधीशापुढे आण आणि का डांबलंस ते सांग, ते सगळं गाळलेलं.

आपण हसायचं कारण नाही म्हणा. वकील, जामीन, फिर्याद, दाखला, तारीख, हे सगळे आपले कोर्टातले शब्द फारसी-अरबीतून आलेले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी, की दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द असावेत. काही रुळले, वकील काही हलला नाही.

[दृश्य: नाशिकरोड, प्रेसची भिंत, शिफ्ट सुटतानाची गर्दी]

काकांचं काम झालं. तिकडे नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, तिथे स्टॅम्प पेपर छापतात, पासपोर्ट पण तिथेच छापतात. आणि पासपोर्टावर जो व्हिसा बसतो तोही तुकडाच. चार्टा व्हिसा, 'पाहिलेला कागद', त्यातला कागद पडला आणि नुसतं 'पाहिलेला' राहिलं.

[दृश्य: सिव्हिल हॉस्पिटलसमोरचं मेडिकल, काउंटर, चिठ्ठी क्लोजअपमध्ये]

पण खरी लॅटिन बघायची तर मेडिकलच्या काउंटरवर उभं राहायचं. चिठ्ठीच्या डोक्यावर ते आर आणि त्याच्या पायाला मारलेली तिरकी रेघ असते ना, ती 'रेसिपे' या शब्दाची खूण, अर्थ 'घे'. हे पेशंटला सांगितलेलं नाही हं, औषध बनवणाऱ्याला सांगितलेलं आहे, अमुक इतकं घे, तमुक इतकं घे, कारण पूर्वी तोच कुटून कालवून औषध करून द्यायचा. इंग्रजीत रेसिपी आधी औषधाची होती, स्वयंपाकात नंतर शिरली. म्हणजे नाशिकच्या मिसळीची रेसिपी हा जो काही यूट्यूबवर पूर आलाय त्याचं मूळ डॉक्टरच्या चिठ्ठीत आहे.

त्याखाली गोळ्यांची नावं आणि पुढे अक्षरं. बीडी, बिस इन दिए, दिवसातून दोनदा. टीडीएस म्हटलं की नोकरदार माणसाला पगारातून कापलेला टॅक्स आठवतो, पण इथे ते तेर दिए सुमेंदुम आहे, दिवसातून तीनदा घ्यावं. एचएस म्हणजे झोपताना. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. आणि सगळ्यात जास्त घबराट करणारं एसओएस. मावशी चिठ्ठी पुढे करतात आणि विचारतात, दादा सिरियस आहे का हो काही, एसओएस लिहिलंय डॉक्टरांनी. काउंटरवरचा पोरगा हसतो, नाही मावशी, ताप आला तरच द्यायची ही. सी ओपुस सित, गरज पडली तर. बुडत्या जहाजाचा एसओएस वेगळा, तो मोर्समध्ये पाठवायला सोपा म्हणून निवडलेला, त्याचं काही लाँगफॉर्म नाहीच.

आणि तो पोरगा मग काय करतो, तपकिरी पाकिटावर बॉलपेनने लिहितो १-०-१, खाली 'जेवणानंतर', आणि बोट ठेवून परत एकदा सांगतो, सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. दिवसभर तो लॅटिनचं मराठी करत असतो आणि त्याला कोणी भाषांतरकार म्हणत नाही.

चष्म्याच्या नंबरचा कागद असेल घरात तर काढा. त्यावर ओडी आणि ओएस असतं. इथे ओडी म्हणजे ओकुलुस देक्स्टेर, उजवा डोळा, आणि ओएस म्हणजे ओकुलुस सिनिस्टेर, डावा. आता देक्स्टेर आणि आपला दक्षिण हे एकाच मुळाचे शब्द. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण येते, म्हणून संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवाही आणि दिशाही. गोदावरीला आपण दक्षिणगंगा म्हणतो त्यातलाच तो दक्षिण, आणि तोच भाऊ चष्म्याच्या दुकानात उजव्या डोळ्यावर बसलाय.

[दृश्य: रामकुंड, दुपारचं ऊन, पायऱ्यांवर बसलेले पुरोहित]

असाच अजून एक, आणि हा मला सगळ्यात आवडतो. एएम-पीएम. आन्ते मेरिदिएम, पोस्त मेरिदिएम, दुपारच्या आधी आणि दुपारनंतर. यातलं मेरिदिएस म्हणजे मुळात मेदि-दिएस होतं, मेदिउस म्हणजे मध्य आणि दिएस म्हणजे दिवस, बोलता बोलता द चा र झाला. मेदिउस आणि मध्य हे सख्खे नातेवाईक, दिएस आणि दिवस पण. आता पंचवटीत रामकुंडावर जा आणि गुरुजींना त्यांची शाखा विचारा. नाशकात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची कितीतरी घराणी आहेत, आणि माध्यंदिन म्हणजे मध्य-दिनाचं, दुपारचं. म्हणजे मोबाईलवर दिसणारं पीएम आणि गुरुजींची शाखा एकाच जोडणीची. हे नातं जगापुढे ठळकपणे मांडलं ते विल्यम जोन्सने, १७८६ मध्ये कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून आल्या असाव्यात.

[दृश्य: मेन रोडच्या दुकानांच्या पाट्या, मग बस स्टॉप]

बाकीचं भराभर बघू. मेन रोडवर दुकानांच्या पाट्यांवर 'अमुक & सन्स' असतं, ते वेटोळं म्हणजे लॅटिन 'एत', म्हणजे 'आणि', ई आणि टी एकमेकांत गुंतवून काढलेले. तोच एत एक्सेट्रामध्ये आहे, आणि हो, ते एक्सेट्रा नाही, एट सेटरा आहे, 'आणि बाकीचं'. ब्रिटिश सरकारने २०१६ मध्ये आपल्या वेबसाइटवरून ईजी (उदाहरणार्थ), आयई (म्हणजेच) आणि ईटीसी (एट सेटरा) हटवायचं ठरवलं, कारण आंधळ्या लोकांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ईजी ला 'एग' वाचायचं. उदाहरणार्थच्या जागी अंडं! पुण्याची एसटी सिन्नर, संगमनेरवरून जाते, पाटीवर 'मार्गे' लिहितात पण फलाटावर सगळे विचारतात व्हाया कुठून, आणि व्हाया म्हणजे लॅटिनमध्ये 'रस्त्याने'.

आणि ज्यात बसून जातो ती बस. मूळ शब्द ओम्निबस, 'सर्वांसाठी', १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये घोड्यांच्या सार्वजनिक गाडीला हे नाव मिळालं. त्यातला 'सर्व' हा अर्थ ओम्नि मध्ये आहे, आणि बस हा नुसता विभक्तीचा प्रत्यय. आपल्या 'सर्वांना' मधला 'सर्व' टाकून द्यावा आणि 'आंना' ठेवावा तसं. २०२१ पासून शहरात सिटीलिंक धावते, स्टॉपवर उभं राहून विचारून बघा, काका, पाथर्डी फाट्याची आंना गेली का?

[दृश्य: एका सोसायटीचं पार्किंग, प्लास्टिकच्या खुर्च्या, बऱ्याच रिकाम्या]

शेवटी सोसायटीची वार्षिक सभा. नोटीस बोर्डावर अजेंडा, म्हणजे 'करायच्या गोष्टी'. आणि खाली ते ठरलेलं वाक्य, गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच दिवशी त्याच ठिकाणी घेतली जाईल. गणपूर्ती म्हणजे आपला कोरम. इंग्लंडात न्यायदंडाधिकारी नेमताना नावांची यादी यायची आणि पुढे लिहिलेलं असायचं, 'ज्यांच्यापैकी अमुक एक असलाच पाहिजे'. त्यातला नुसता 'ज्यांच्यापैकी' म्हणजे कोरम. सेक्रेटरी घड्याळ बघतात, ज्यांच्यापैकी भरलेला नाही, चहा येतो, अर्धा तास जातो, तेवढीच माणसं परत त्याच खुर्च्यांवर बसतात आणि आता कोरमची गरजच नसते. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते वाचून व्हायच्या आतच पार्किंगवरून आवाज चढतात.